बोगद्याची लांबी

पोपट मगदूमनं जीपची मागची दारं सताड उघडली, टेपचा आवाज वाढवला आणि रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायला लागला.

"या, या! फुकटचा तमाशा बघा! आमच्या गाडीत म्हस फुरफुरतीया!"

खोटं नव्हतं. ढोलाचा ठोका पडला की आमच्या खोक्यातून 'फस्स' असा आवाज यायचा. ठोका, फस्स. ठोका, फस्स. समोरच्या रसवंतीतली माणसं ग्लास हातात धरून हसायला लागली. एक म्हातारा तर चप्पल घालून रस्ता ओलांडून आला, नीट ऐकायला. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते आणि माझी कानशिलं तापली होती. तो खोका मी केला होता. एकटीनं केलेला पहिलाच.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. जयसिंगपुरात भूपाल अण्णांचं 'पद्मावती कार डेकोर' होतं. पुढं दुकान, मागं पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये माझे वडील, आप्पा, गाड्यांच्या वूफरसाठी, म्हणजे ठोका देणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी, लाकडी खोकी करायचे. जातीचे सुतार. आधी दारं-खिडक्या केल्या, मग अण्णांनी त्यांना इकडं आणलं, त्याला बावीस वर्षं झाली होती. मी दोन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली होते. सासरी पटलं नाही, परत आले, आणि घरात बसून लोकांचे प्रश्न ऐकण्यापेक्षा शेडमध्ये जाऊन पॉलिश पेपर घासलेला काय वाईट, असं म्हणून जायला लागले. सांध्यांत सिलिकॉन भरायचं, वरून गालिचा चिकटवायचा, ही माझी कामं. पण मला ती शेड आवडायला लागली होती. तिथं मला कुणी 'कधी जाणार परत?' असं विचारत नव्हतं.

खोक्याची गंमत अशी, की वूफर पुढं जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागं खोक्यातही ढकलतो. त्या मागच्या हवेला बाहेर यायला खोक्यात लाकडाचीच एक वाट ठेवतात. कंपनीची माणसं तिला पोर्ट म्हणतात, आप्पा बोगदा म्हणायचे. बोगदा बरोबर असला की आतली हवा बाहेर येऊन ठोक्याला जोर देते. अरुंद झाला तर हवा फुसफुसते. लांबी चुकली तर ठोका जातोच.

आप्पांचं एका वूफरचं माप मला तोंडपाठ होतं. बोगदा तेरा इंच उंच, दीड इंच रुंद, वीस इंच लांब. पोपटरावांना मात्र दोन वूफर हवे होते, बारा-बारा इंची. अण्णांनी काम घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी आप्पा म्हणाले, "मोतीबिंदूचं आत्ताच उरकून घेतो. खोका वैजू करंल."

वैजू करंल! अण्णांच्या तोंडावर म्हणाले ते. मला वाटलं, आभाळ ठेंगणं झालं. दोन वर्षं गालिचे चिकटवले त्याचं सार्थक झालं. मी कुणालाच काही न विचारता कामाला लागले. खोका दुप्पट मोठा केला. बोगदा तेवढाच ठेवला. बोगदा वाढवायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि आता भर रस्त्यात म्हस फुरफुरत होती.

"वैजूताई," पोपटराव म्हणाले, "मिस्त्री आजारी पडल्यावर दुकानानं खोकी करायची बंद करायची. मी उगीच आपलं सांगतोय."

"चुकलंय ते दिसतंय मला," मी म्हणाले. "ओरडून बरोबर होणार असलं तर अजून ओरडा."

"बघा अण्णा, वर तोंड करून बोलतीया!"

भूपाल अण्णा गल्ल्यावरून उठून आले. अण्णांचा आवाज कधी चढायचा नाही. जैन माणूस, सूर्य बुडायच्या आत जेवण, त्यामुळं दुकान सहाला बंद. रागावले तरी हळूच बोलायचे, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

"वैजू, मिस्त्रींना विचारलंवतंस काय माप?"

"विचारलं होतं," मी खोटं बोलले.

"बरं. आता ऐक. शनिवारी पुण्यासनं एक माणूस येणार हाय. तयार खोकी विकतोय. मी अजून हो म्हटलं नाही, तुझ्या आप्पांकडं बघून. पण शनिवारपर्यंत पोपटरावांचं समाधान झालं नाही, तर पन्नास खोकी घेतो आणि शेडमध्ये रचून ठेवतो. मला असली शोभा रोज नको."

म्हणजे शेड जाणार. आप्पांची पण आणि माझी पण. बुधवार होता तो. मी तीन बोटं मोजली.

"उद्या चारला या," मी पोपटरावांना म्हणाले. "गाडी घेऊन या."

घरी आप्पा बाजेवर पडले होते. एका डोळ्यावर पट्टी, वरून काळा गॉगल. ऑपरेशनला तीन दिवस झाले होते. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. मी घडलं ते सगळं सांगितलं, पुण्याच्या माणसासकट. मला वाटलं होतं आप्पा चिडतील. ते नुसते उशी सारखी करत राहिले.

"दोन वूफरला बोगदा किती, आप्पा?"

"दुप्पट."

"काय काय दुप्पट?"

"सगळंच. रुंदी दुप्पट, लांबी दुप्पट." हे त्यांनी घाईघाईनं सांगितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"वहीत बघू का एकदा? तुमच्या?"

"वहीला हात लावायचा न्हाई!"

आप्पांची वही सगळ्या दुकानाला माहीत होती. लाल कापडाच्या बांधणीची, हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवलेली. नवीन गाडी आली की आप्पा ती काढायचे, पेन्सिल जिभेला लावायचे, पानं उलटायचे, मान हलवायचे. गिऱ्हाईक आदबीनं उभं राहायचं. मग खोका जवळपास झाला की सगळ्यांना म्हणायचे, "जावा, चहा पिऊन या अर्ध्या तासानं." मलासुद्धा. परत यायच्या आत खोका बंद आणि ठोका असा की पत्रे वाजायचे. आम्हाला वाटायचं, काय हिशेब असेल माणसाचा!

गुरुवारी सकाळी वीज नव्हती. तेव्हा भारनियमन असायचं, दुपारी एकपर्यंत मशीन बंद. मी हातकरवत घेतली. खोका उकलला, नवा बोगदा केला. तीन इंच रुंद, चाळीस इंच लांब. एवढा लांब सरळ बसेना, म्हणून मागच्या भिंतीपाशी वळवला आणि भिंतीच्या कडेनं पुढं नेला. अर्धा खोका त्यानंच खाल्ला. मला ते बघून जरा कसंतरी वाटलं, पण आप्पांचं माप होतं. मी मुकाट्यानं सांधे भरले.

चारला पोपटराव आले. खोका जोडला. त्यांनी तीच ढोलाची सीडी लावली.

फस्स गेलं होतं. एकदम साफ. मी तोंड उघडलं आनंदानं, आणि तसंच बंद केलं. ठोकाही गेला होता. वूफरचे कागदी पडदे मागं-पुढं नाचत होते, पण छातीला काही लागत नव्हतं. शेजारच्या खोलीत कुणीतरी गादी झटकतंय असं वाटत होतं.

पोपटरावांनी सीडी बंद केली. या वेळी ओरडले नाहीत, ते जास्त लागलं.

"काल म्हस तरी होती, ताई. आज गोठाच रिकामा."

"उद्याचा दिवस द्या मला. गाडी इथंच ठेवा. शनिवारी अकराला या."

"आणि नाही झालं तर?"

"तर वूफर काढून तुमच्या हातात देते आणि अण्णांच्या पायरीवर परत पाय ठेवत नाही."

अण्णा दारातून ऐकत होते. ते घड्याळाकडं बघून कुलूप शोधायला लागले. मी म्हणाले, "पाच मिनिटं, अण्णा," आणि मागं शेडमध्ये गेले. पेटी उघडली. पटाशा, रंधा, गुण्या बाजूला केले आणि वही काढली.

पहिल्या पानावर एका वूफरचं माप होतं. आप्पांच्या अक्षरात नव्हतंच ते. बाहेरगावच्या कुणा मेकॅनिकनं कधीतरी लिहून दिलेलं. दुसऱ्या पानावर चुना, खिळे, वैरण. तिसऱ्यावर कुणाचा तरी पत्ता. मग आईच्या औषधांची नावं. एका पानावर नुसती तारीख आणि 'वैजू आली' एवढंच. बाकी कोरी. खोक्याचं दुसरं एकही माप नव्हतं. गणित तर औषधालाही नव्हतं.

घरापर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. गेले ती थेट बाजेपाशी उभी राहिले.

"आप्पा, वही बघितली मी."

आई म्हणाली, "अगं, आल्या आल्या काय? पाणी पी आधी."

"नको पाणी. वहीत काही नाही, आप्पा. बावीस वर्षं तुम्ही काय वाचत होता तिच्यात?"

आप्पा उठून बसले. गॉगल सारखा केला. पट्टीखालचा डोळा मला दिसत नव्हता, पण खालचा ओठ थरथरताना दिसला.

"काय वाचणार? गिऱ्हाइकाला वाटावं म्हणून उघडत होतो."

"आणि माप?"

"माप कानात येतंय. बोगद्याची आतली फळी मी आधी पक्की करतच न्हाई. झाकण नुसतं स्क्रूवर बसवायचं. गाणं लावायचं, ऐकायचं, झाकण काढायचं, फळी थोडी कापायची, परत ऐकायचं. लागलं की पक्की."

"म्हणून चहाला पाठवत होता?"

"मग? मिस्त्री हुडकत बसलाय हे लोकांनी बघायचं व्हय? अण्णा सगळ्यांना सांगतात, आमच्या मिस्त्रीकडं हिशेब हाय. त्रैराशिक चौथीतच सुटलं माझं, वैजू. मला न्हाई येत ते."

"मग 'सगळं दुप्पट' कुठनं आणलंत?"

"वाटलं तसं असंल."

"वाटलं?" मी एवढ्यांदा ओरडले, की शेजारच्या घरातली कढईची खडखड थांबली. "माझी शेड चालली, आप्पा! मी आज त्या माणसासमोर काय तोंड घेऊन उभी होते, आणि तुम्हाला नुसतं वाटलं होतं?"

आप्पांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "झाकण पक्कं केलंयस?"

"चिकटवलंय."

"उकल. फळी चाळीसचीच ठेव, मागच्या बाजूची. तिथनंच कापत यायचं."

"उद्या अमावास्या आहे."

अमावास्येला सुतार हत्याराला हात लावत नाही. आमच्या घरात तो दिवस हत्यारं तेल लावून पेटीत. आजोबांच्या वेळेपासून कधी मोडलं नव्हतं.

"ठाऊक हाय," आप्पा म्हणाले. "मी येतो संगं."

आई म्हणाली, "डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलंय."

"नाकाडोळ्याला रुमाल बांधतो. कानाचं ऑपरेशन झालं न्हाई माझ्या."

शुक्रवारी सकाळी आम्ही रिक्षातून गेलो. आप्पा गॉगल, त्यावर रुमाल, डोक्याला टॉवेल. दरोडेखोर दिसत होते. अण्णा पूजेची फुलं बदलत होते, ते हातातली फुलं तशीच धरून बाहेर आले.

"मिस्त्री! आणि आज अमावास्या न्हवं?"

"माझ्या हातात हत्यार हाय काय, अण्णा? मी बसायला आलोय. हत्यार तिच्या हातात."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी करवतीचं पातं पुसत होते.

"तुमचं तुम्ही बघा बाबा," अण्णा म्हणाले आणि आत गेले. पण जाताना आप्पांसाठी खुर्ची बाहेर पाठवायला विसरले नाहीत.

जीप शेडच्या दारात लावली. आप्पा चार हात लांब, मागच्या कुंपणाकडं पाठ करून बसले. मी चिकटवलेलं झाकण पटाशीनं उचकटलं, त्याच्या कडेनं फोमची पट्टी लावली म्हणजे हवा सुटू नये, आणि चौदा स्क्रू बसवले. गाणं लावलं. कालचीच गादी झटकल्यासारखी धपधप.

"काप," आप्पा म्हणाले. "चार इंच."

चौदा स्क्रू काढले. मागची फळी बाहेर घेतली, चार इंच कापली, परत बसवली. चौदा स्क्रू. गाणं.

"काप."

परत चौदा स्क्रू. वीज नव्हती, सगळं हातानं. तिसऱ्या वेळी तळव्याला फोड आला. चौथ्या वेळी तो फुटला. मी फडकं गुंडाळलं आणि करवत चालूच ठेवली. रसवंतीवाला मध्येच एक ग्लास घेऊन आला. परवा तोच सगळ्यात मोठ्यानं हसला होता. मी ग्लास घेतला, आप्पांना दिला आणि चौदा स्क्रू काढायला लागले.

"किती झालं?" आप्पांनी विचारलं.

"चोवीस राहिलंय."

"चाहूल लागली. आता दोन-दोन इंच."

बावीस. वीस. विसाला मी झाकण बंद केलं, गाणं लावलं आणि पहिल्याच ठोक्याला शेडचा पत्रा खणकन वाजला. मला तो पायातून वर येताना कळला. मी जीपच्या दाराला धरून अक्षरशः उडी मारली.

"आप्पा! लागलं! वीसच! मूळचंच माप!"

"अजून काप."

"अहो, लागलंय की!"

"अजून काप म्हणतोय न्हवं मी? थांबायचं कुठं ते कळायला नको? पुढं जाऊन बघितल्याबिगर कसं कळणार?"

मला राग आला. लागलेला खोका मोडायचा म्हणजे काय? पण कापलं. अठरा, मग पंधरा. पंधराला आवाज मोठा झाला, खूप मोठा, पण सगळे ठोके एकाच सुरात गेले. ढोल वेगळा, संबळ वेगळा, असं काही उरलं नाही. सगळं पत्र्याच्या डब्यात घालून बडवल्यासारखं.

"पुढं गेलीस," आप्पा म्हणाले. "आता मागं ये."

फळी मागं कशी येणार? दर वेळी नवी कापली. सोळाची, सतराची, अठराची. अठराला आप्पांनी हात वर केला.

"थांब."

ढोल पोटात लागत होता आणि प्रत्येक ठोका सुटा होता. मी बोगद्याच्या तोंडाशी हात धरला. हवा मऊ येत होती, फुसफुस नाही. कधी आले ठाऊक नाही, पण अण्णा जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते, आणि हात काढत नव्हते.

विसाचे अठरा का झाले, ते मला त्या दिवशी कळलं नाही. पुढं शिकले. तोंड रुंद असलं की तोंडाबाहेरची थोडी हवाही बोगद्यासारखी वागते, म्हणून लाकूड तेवढं कमी लागतं. पण लांबी दुप्पट का नको, ते मात्र फळी पक्की करताना तिथंच ध्यानात आलं आणि मी हसायलाच लागले.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, एका झडपेचं दार दोन झडपांचं करायला सांगितलं तर तुम्ही रुंदी वाढवता ना?"

"व्हय."

"आणि उंची?"

मग त्यांनी कपाळावर हात मारला. टॉवेल खाली पडला.

"माझ्या बापानं ऐकलं असतं तर करवतीनं हाणलं असतं मला," ते म्हणाले.

शनिवारी मी एकटीच गेले. पुण्याचा माणूस अकराच्या आधीच आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात छापील कागद, गाडीत नमुन्याची दोन खोकी. चकाचक होती, मान्य करते. कडेला कुठं सिलिकॉनचा ओघळ नाही. मी आमच्या खोक्यावरचा एक ओघळ नखानं खरवडत राहिले.

पोपटराव सव्वाअकराला आले. थेट जीपमध्ये बसले, ती पुढं रस्त्यावर आणली, सीडी लावली. पहिला ठोका पडला. ते तसेच समोर बघत बसले. दुसरं गाणं लावलं. तिसरं लावलं. मग उतरले, मागं गेले, खोक्याच्या तोंडात हात घालून बघितला आणि रस्त्याकडं वळून बोंब ठोकली.

"ओ रसवाले! ओ काका! परवा हसलात न्हवं? या आता! या, ऐका!"

आले सगळे. तो म्हातारासुद्धा चप्पल घालून आला.

पुण्याचा माणूस शांतपणे ऐकत होता. त्यानं वाकून बोगद्याचं तोंड बघितलं, वितीनं मोजलं. "कुणी काढलं हे माप?" त्यानं अण्णांना विचारलं.

अण्णा माझ्याकडं बघत म्हणाले, "आमच्या मिस्त्रींची वही हाय."

मी तोंड उघडलं होतं. मग आप्पांचा थरथरणारा ओठ आठवला आणि मिटलं. पोपटराव मध्येच म्हणाले, "वही-बिही काही न्हाई, अण्णा. ही पोरगी परवा मला म्हणाली, ओरडून बरोबर होणार असलं तर अजून ओरडा. तेव्हाच मला कळलंवतं, ही सोडायची न्हाई."

"पन्नास खोक्यांचं काय करायचं मग?" पुण्याच्या माणसानं विचारलं.

"ठेवायला जागा न्हाई," अण्णा म्हणाले. "शेडमध्ये काम चालतंय."

त्या दिवशी मी घरी चालत गेले, आणि वाटेत पावशेर पेढे घेतले. आप्पा बाजेवर बसूनच होते, वाट बघत. मी सगळं सांगितलं. पोपटरावांची बोंब, पुण्याच्या माणसाची वीत, अण्णांचं शेवटचं वाक्य. आप्पा हसले, पेढा उचलला आणि हळूहळू खायला लागले.

मी म्हणाले, "आप्पा, खरं सांगू? दोनदा पडल्यावर मी सोडून दिलं असतं. पण तुम्ही अण्णांसमोर म्हणाला होता ना, वैजू करंल. त्यावर उभी राहिले मी. तुम्हाला खात्री होती म्हणून."

आप्पांनी अर्धा पेढा परत कागदावर ठेवला.

"खात्री न्हवती," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"डॉक्टर म्हणालेवते, दिवाळीनंतर केलं तरी चालंल. घाई न्हवती." ते जमिनीकडं बघत बोलत होते. "दोन वूफरचं मी कधी केलं न्हवतं, वैजू. बावीस वर्षांत एकदाबी न्हाई. आलेलं काम मी काहीतरी कारण काढून परत पाठवत होतो. या वेळी अण्णांनी मला न विचारताच हो म्हटलं. रात्रभर झोप न्हाई. सकाळी उठून दवाखान्यात गेलो आणि म्हटलं, उद्याच करा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मला पुढं केलंत आणि तुम्ही मागं लपलात?"

"व्हय."

"माझं हसं झालं चौकात. माझं! तुम्ही इथं पडून होता."

"व्हय."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी उठले, मोरीवर गेले आणि जेवढी भांडी होती तेवढी घासली. घासलेलीसुद्धा परत घासली. तळव्याचा फोड झोंबत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते मुद्दाम पुसत नव्हते. मला चिडायचं होतं, आणि मी मनसोक्त चिडले. ज्या दोन शब्दांवर मी चार दिवस काढले, ते माणसानं पळून जाताना टाकलेले शब्द होते. पण खोका मात्र खराच झाला होता. ठोका मी माझ्या पायांतून वर येताना ऐकला होता. तो कुणाच्या खात्रीनं आला नव्हता, चौदा-चौदा स्क्रूंनी आला होता.

आणि तिसऱ्या दिवशी आप्पा आले होते. पट्टी बांधून, धुळीत, अमावास्येला. तेही खरं होतं.

हात पुसत मी परत गेले. आप्पा तसेच बसले होते.

"सोमवारी अण्णा विचारतील, मिस्त्री कधी येणार. काय सांगू?"

"तू म्हणशील ते."

"महिन्यानं या. माप मी घेणार, कापणार मी. ऐकायला तुम्ही. आणि झाकण उघडं ठेवून, सगळ्यांच्या समोर. चहाला कुणी जाणार नाही."

"बरं."

"आणि परत कधी भ्यायला झालं, तर आधी मला सांगायचं. दवाखान्यात जायचं नाही."

आई दारात फिसकन हसली. आप्पा नाही हसले. त्यांनी गॉगल काढून मांडीवर ठेवला आणि उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"आणि तुला भ्या वाटलं तर?"

"मला रोजच वाटत होतं, आप्पा. आज सकाळीसुद्धा."

"मग?"

"मग काय? गेले."

आप्पा बाजेवर सरकले, शेजारी जागा केली. मी बसले. उरलेला अर्धा पेढा त्यांनी माझ्या फोडाच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "पुढच्या खोक्याला मागची फळी जरा जाड घे, थरथरत होती."